मधला अंक: अमेरिकी कॉमिक्सच्या पाकिटांची गोष्ट

१९८२ साली मामा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला जाऊन आले आणि येताना आम्हा तिघा भावंडांसाठी एक पाकीट घेऊन आले. पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी, वरची कड गरम करून चिकटवलेली, त्या कडेत दुकानातल्या आकड्याला अडकवण्यासाठी भोक. आत तीन कॉमिक्स. समोरून डोनाल्ड डक दिसत होता, पिशवी उलटी केली की बग्ज बनी. मधे तिसरा अंक होता, त्याची फक्त कड दिसत होती. धाकट्या भावाने पिशवी खिडकीच्या उजेडात धरली, बोटांनी अंक खालीवर सरकवून पाहिले, पण मधलं कव्हर काही दिसेना. शेवटी आईने ब्लेडने कड कापली आणि मधून वुडी वुडपेकर निघाला. मला तो अजिबात नको होता आणि तोच माझ्या वाट्याला आला.

पुढे कितीतरी वर्षं मी त्या पाकिटाचा विचार केला नाही. नंतर जुन्या कॉमिक्सचा नाद लागला. चित्रं कोणी काढली, गोष्टी कोणी लिहिल्या यावर भरपूर लिहिलं गेलंय, पण मला जास्त ओढ वाटू लागली ती विक्रीच्या बाजूची. अंक छापखान्यातून निघाला की कुठे जायचा, कोणाच्या हातातून जायचा, विकला गेला नाही तर त्याचं काय व्हायचं? हे वाचताना कळलं की आमच्या घरी आलेली ती पिशवी अगदी विचार करून बनवलेली वस्तू होती, आणि तिचं गिऱ्हाईक आम्ही मुलं नव्हतोच. ती मामांसाठी होती.

हे समजून घ्यायचं तर आधी अमेरिकी कॉमिक्सची एक जुनी अडचण समजून घ्यावी लागते. कॉमिक्स विकायला फार स्वस्त होती. ऐकायला विचित्र वाटेल, कारण स्वस्त वस्तू खपते असंच आपण धरून चालतो. वाचणाऱ्याच्या बाजूने ते खरंही आहे. विकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं की चित्र बदलतं.

१९३० च्या दशकात कॉमिक्सची किंमत दहा सेंट ठरली आणि जवळजवळ पंचवीस वर्षं ती तिथेच राहिली. महागाई वाढली, कागद महागला, तरी दहाचे अकरा करायची कोणाची हिंमत होत नव्हती, कारण दहा सेंटचं एकच नाणं मुलाच्या मुठीत मावायचं. मग प्रकाशकांनी पानं कमी केली. सुरुवातीला चौसष्ट पानांचा असणारा अंक १९५० च्या दशकात बत्तीस पानांवर आला. १९६१ मध्ये डेल या मोठ्या प्रकाशकाने किंमत पंधरा सेंट करून पाहिली आणि विक्रीत मार खाल्ला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून बाकीचे बारा सेंटवर गेले.

आता औषधांच्या दुकानाच्या किंवा कोपऱ्यावरच्या पेपर स्टॉलच्या मालकाच्या जागी उभे राहा. बारा सेंटच्या अंकावर तुमच्या हाती पडणार काही सेंट. त्यासाठी अंक मोजून घ्यायचे, रॅकवर लावायचे, फुकटात वाचत उभ्या राहणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवायचं आणि महिना संपला की उरलेले काढून परत पाठवायचे. तेवढीच जागा पन्नास सेंटच्या मासिकाला दिली तर कष्ट तेवढेच आणि मिळकत चौपट. त्यामुळे कित्येक ठिकाणी कॉमिक्सचा सुतळीने बांधलेला गठ्ठा यायचा, मागच्या खोलीत पडायचा आणि सोडलाही न जाता परत जायचा. मुलांना कॉमिक्स नको होती म्हणून नव्हे, दुकानदाराला तो उपद्व्याप परवडत नव्हता म्हणून.

दुकानदाराच्या वाट्याला किती महत्त्व होतं, हे १९७१ च्या एका प्रसंगातून दिसतं. त्या वर्षी डीसी आणि मार्व्हल या दोन्ही मोठ्या प्रकाशकांनी जाड अंक काढून किंमत पंचवीस सेंट केली. मार्व्हलने महिनाभरातच पलटी मारली, पातळ अंक वीस सेंटला दिला आणि विक्रेत्यांना त्यातला मोठा हिस्सा देऊ केला. डीसी साधारण वर्षभर पंचवीसवर अडून राहिली. विक्रेत्यांनी मार्व्हलचे अंक पुढे लावले, आणि वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर असलेली डीसी मागे पडली. सुपरहिरोंच्या या लढाईचा निकाल बराचसा रॅकवर लागला.

दुसरी अडचण याहून मोठी होती, ती म्हणजे परतावा. आपल्याकडेही मासिकांच्या धंद्यात न विकलेले अंक परत जातात, त्यामुळे ही पद्धत नवखी नाही. पण अमेरिकेत अंतरं एवढी की आख्खे अंक परत पाठवणं वाहतुकीच्या खर्चात बुडायचं. म्हणून तिथे अंकाऐवजी कव्हर परत पाठवायची रीत पडली. तीही आख्खी नाही. कव्हरचा वरचा भाग, ज्यावर नाव आणि तारीख असते, तेवढी पट्टी फाडून घ्यायची, पट्ट्यांचे गठ्ठे पाठवायचे आणि तेवढ्या अंकांचे पैसे खात्यात जमा करून घ्यायचे. उरलेला अंक लगद्यात जायला हवा. पुढे पट्टीचीही गरज उरली नाही. इतके अंक नष्ट केले असं घाऊक विक्रेत्याने शपथेवर लिहून दिलं की पुरे. यात गैरव्यवहाराला किती मोकळं रान होतं हे सांगायला नको. नष्ट झाल्याचं लिहून दिलेले अंक मागच्या दाराने विकले जातात, ही तक्रार त्या काळात सगळीकडे होती.

त्या काळचा एखादा अमेरिकी अंक हाती आला तर पहिल्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांतला मजकूर जरूर वाचा. कव्हरचा कुठलाही भाग काढलेल्या किंवा फाडलेल्या अवस्थेत हा अंक विकता येणार नाही, अशा अर्थाचं वाक्य तिथे असतं. लहानपणी मी ते कायद्याचं काहीतरी म्हणून सोडून द्यायचो. आता त्या एका ओळीत मला सगळा परताव्याचा धंदा दिसतो.

छापलेल्या अंकांपैकी जवळपास निम्मे परत येणं ही तेव्हा नित्याची बाब होती. म्हणजे एक अंक विकायचा तर दोन छापायचे. १९६६ साली टीव्ही मालिकेमुळे बॅटमॅनचं वेड पसरलं आणि त्या कॉमिकचा सरासरी खप नऊ लाखांच्या घरात गेला, तेव्हा हे चालून जायचं. खप घसरू लागल्यावर हाच हिशेब गळ्याशी येऊ लागला.

आता त्या परत आलेल्या किंवा गोदामात उरलेल्या अंकांचं करायचं काय? गठ्ठ्याने विकण्याची पहिली कल्पना इथूनच निघाली. १९४० च्या दशकात व्हिक्टर फॉक्स नावाचे एक प्रकाशक होते, धंद्यात अतिशय धाडसी. त्यांनी न विकलेल्या चार अंकांची कव्हरं काढली, चारही एकत्र बांधले, वर नवं कोरं कव्हर चढवलं आणि पंचवीस सेंटला जाडजूड अंक म्हणून बाजारात आणले. हाती जे अंक पडतील ते बांधले जायचे, त्यामुळे एकाच कव्हराच्या दोन प्रतींत वेगवेगळ्या गोष्टी निघू शकत. एका मित्राने विकत घेतलेल्या अंकात प्रेमकथा आणि दुसऱ्याच्या अंकात त्याच नावाखाली दुसऱ्याच प्रेमकथा. भयकथांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईसी या प्रकाशनानेही १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आपले उरलेले अंक असेच बांधून वार्षिक अंक काढले.

त्यानंतर आले इस्रायल वॉल्डमन. १९५८ च्या सुमारास त्यांनी आयडब्ल्यू नावाने, आणि पुढे सुपर कॉमिक्स नावाने, बंद पडलेल्या प्रकाशनांच्या जुन्या गोष्टी पुन्हा छापायला सुरुवात केली. हक्कांची फारशी फिकीर केली नाही. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हे अंक पेपर स्टॉलवर जात नव्हते. ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून किराणा मालाच्या आणि स्वस्त मालाच्या दुकानांत जायचे. अंकांवर महिना-वर्ष छापलेलं नसायचं, आणि यातच सगळी मेख आहे. तारीख असलेला अंक दुधासारखा असतो, महिना उलटला की नासतो. तारीख नसलेला अंक साबणाच्या वडीसारखा वर्षभर शेल्फवर राहू शकतो. परत पाठवण्याचा प्रश्नच उरत नाही. नियतकालिकाचं वस्तूत रूपांतर करणारी ही युक्ती होती, आणि ती बड्या प्रकाशकांआधी एका फिरत्या व्यापाऱ्याच्या बुद्धीच्या माणसाला सुचली.

बड्यांनाही ती उचलावी लागली, कारण त्यांच्या पायाखालची वाळू सरकत होती. १९५४ मध्ये सिनेटच्या समितीपुढे कॉमिक्समुळे मुलं बिघडतात का यावर सुनावणी झाली, आणि बऱ्याच दुकानदारांनी ही ब्याद नको म्हणून रॅकच काढून टाकले. १९५७ मध्ये देशातली सर्वांत मोठी मासिक वितरण संस्था, अमेरिकन न्यूज कंपनी, हिने वितरणाचं काम बंद केलं. पुढे मार्व्हल या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकाशनाला तेव्हा आपल्या स्पर्धकाच्या, म्हणजे डीसीच्या मालकीच्या वितरण कंपनीकडे जावं लागलं आणि महिन्याला जेमतेम आठ अंकांची मुभा मिळाली. शिवाय माणसं शहरांच्या मध्यवस्तीतून उपनगरांत राहायला गेली होती. कोपऱ्यावरचं दुकान मागे राहिलं, आठवड्याची खरेदी मोटारीने सुपरमार्केटमध्ये होऊ लागली. दहा सेंटचं नाणं मुठीत घेऊन एकटं दुकानात जाणारं मूल हळूहळू दिसेनासं झालं. आता मूल आईच्या ढकलगाडीबरोबर दुकानात यायचं आणि पैसे आईच्या पर्समध्ये असायचे.

या आईसाठी डीसीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉमिकपॅक काढलं. चार अंक, एक पिशवी, किंमत ४७ सेंट. बारा चोक अठ्ठेचाळीस, म्हणजे चारही अंक घेतले तर सूट किती? एक सेंट.

मला हा आकडा फार आवडतो, कारण तो सगळं सांगून टाकतो. घाऊक घेतलं की स्वस्त पडतं हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं, डझनावर आंबे घेताना आपण वरचा एखादा मागतोच. पण इथे सवलत नावापुरती होती. पाकिटाचं काम वाचकाचे पैसे वाचवणं हे नव्हतंच. बारा सेंटची वस्तू जवळपास अर्ध्या डॉलरची करणं हे त्याचं काम होतं. अर्ध्या डॉलरच्या वस्तूला सुपरमार्केट जागा देतं, तिच्यावरची मिळकत हिशेबात धरण्याजोगी असते, ती खेळण्यांशेजारी आकड्याला टांगता येते. आणि मुख्य म्हणजे हा माल परत न घेण्याच्या बोलीवर विकला जायचा. दुकानाने उचलला तो उचलला. प्रकाशकाच्या बाजूने पाहिलं तर स्टॉलवर दोन अंक पाठवून एकाचे पैसे मिळायचे, पिशवीत पाठवलेल्या प्रत्येक अंकाचे मिळायचे.

पिशवी बंद असल्याने आणखी दोन फायदे आपोआप झाले. उभ्याउभ्या फुकट वाचणं थांबलं. आणि चार अंकांपैकी दोनच दिसत असल्याने पुढेमागे सुपरमॅन आणि बॅटमॅन लावून मधे जरा कमी खपणारे अंक घालता येऊ लागले. आमच्या वुडी वुडपेकरचं स्थान मला हे वाचल्यावर नीट समजलं.

पण या खेळात सगळ्यांत मुरलेली कंपनी निघाली ती विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावची वेस्टर्न. ही मुळात छापखाना चालवणारी कंपनी, १९०७ मध्ये सुरू झालेली. शिकागोच्या एका प्रकाशकाची मुलांची पुस्तकं ती छापायची. तो प्रकाशक बिलं चुकती करू शकला नाही, तेव्हा १९१६ मध्ये त्याचा पुस्तकांचा साठा वेस्टर्नच्या अंगावर पडला. विकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्या विक्रीसाठी व्हिटमन नावाची उपकंपनी निघाली. पुढे आणखी एक किस्सा घडला. क्रेस्गी या दुकानसाखळीच्या मागणीत लिहिलेले डझन कोणीतरी ग्रोस, म्हणजे बारा डझन, समजून वाचले आणि बारापट पुस्तकं छापली गेली. सॅम्युअल लो या विक्रीप्रमुखाने तो उरलेला ढीग वूलवर्थच्या दुकानांना पटवून विकला. मुलांची पुस्तकं फक्त नाताळात खपतात ही तेव्हाची समजूत. लो यांनी ती वर्षभर ठेवून पाहायला सांगितलं आणि ती खपली. अंगावर पडलेला माल नव्या जागी नेऊन विकायचा, हा धडा या कंपनीने सुरुवातीलाच गिरवला होता.

त्यामुळे १९६० च्या दशकात वेस्टर्नकडे जे होतं ते डीसीकडेही नव्हतं आणि मार्व्हलकडेही नव्हतं. व्हिटमनची रंगवायची पुस्तकं, चित्रकोडी, पत्ते आधीपासूनच देशभरच्या खेळण्यांच्या कपाटांत होते. तिचे विक्रेते त्या दुकानांत वर्षानुवर्षं ये-जा करत होते. डेलशी असलेली भागीदारी १९६२ मध्ये संपल्यावर वेस्टर्नने गोल्ड की या नावाने स्वतःची कॉमिक्स सुरू केली. डोनाल्ड डक, अंकल स्क्रूज, बग्ज बनी हे सगळे तिच्याकडे होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तोच अंक दोन वेषांत निघू लागला. पेपर स्टॉलवर जाणाऱ्या प्रतीच्या कोपऱ्यात गोल्ड की, पिशवीतल्या प्रतीच्या कोपऱ्यात व्हिटमन. आतली पानं तीच. एकाच बसचा पाटी बदलून दुसऱ्या मार्गावर पाठवलेला फेरा समजा.

ही वाट इतकी रुळली की स्पर्धकही तिच्यावर चालू लागले. डीसीची तीन अंकांची सुपर पॅक होती, मार्व्हलची मल्टी-मॅग्ज होती, तरीही दोघांनी वेस्टर्नच्या पिशव्यांसाठीही अंक दिले. १९७८ ते १९८० या काळातल्या काही डीसी अंकांच्या कव्हरवर डीसीचं चिन्ह काढून चक्क व्हिटमनचं नाव छापलेलं आढळतं. सुपरमॅनच्या डोक्यावर डोनाल्ड डकच्या प्रकाशकाचं नाव! कनेटिकटच्या डर्बी गावातल्या चार्लटनने तर आपल्या जुन्या अंकांच्या फेरछपाईसाठी १९७७ मध्ये मॉडर्न कॉमिक्स असं वेगळंच नाव घेतलं आणि ते अंक पिशव्यांतून स्वस्त मालाच्या दुकानांत नेले.

मार्व्हलचा प्रकार जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९७७ च्या सुमारास काही मार्व्हल अंकांच्या वरच्या कोपऱ्यात किंमत एका जाड हिऱ्याच्या आकारात छापलेली दिसू लागली. स्टॉलवरच्या प्रतीत तिथे साधी चौकट असायची. हा हिरा शोभेसाठी नव्हता. पिशवीतला अंक परत न घेण्याच्या बोलीवर, म्हणून जास्त सवलतीत विकला जायचा. स्टॉलवरचा अंक परत घेतला जायचा, म्हणून कमी सवलतीत. आता एखाद्याने पिशवीवाले अंक स्वस्तात उचलून स्टॉलच्या वाटेने परत पाठवले आणि पूर्ण पैसे वसूल केले तर? दोन्ही अंक सारखे दिसत असते तर पकडणार कसं? हिरा त्यासाठी होता. हिरा दिसला की परतावा नाही.

याच काळात फिल स्यूलिंग नावाचे ब्रुकलिनमधले एक शिक्षक वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचले होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी प्रकाशकांपुढे प्रस्ताव ठेवला: मला चांगली सवलत द्या, मी एकही अंक परत करणार नाही, हे अंक मी फक्त कॉमिक्सच विकणाऱ्या दुकानांना देईन. आज अमेरिकेत कॉमिक्सची जी खास दुकानं दिसतात त्यांचा पाया हा करार. त्या दुकानांनाही हिरेवालेच अंक जायचे. बरीच वर्षं संग्राहक अशा सगळ्या प्रतींना व्हिटमन प्रती म्हणत, नंतर उलगडा झाला की पिशवी आणि खास दुकान या दोन्ही वाटांना एकच शिक्का होता. मला वाटतं ही त्या काळाची सगळ्यांत बोलकी खूण आहे. एका बाजूला पिशवी आवडीने विकत घेणारी आजी, दुसऱ्या बाजूला एकेक अंक क्रमाने जमवणारा पंचविशीतला शौकीन. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि दोघांनी मिळून परताव्याच्या जाचातून प्रकाशकांना थोडा श्वास मिळवून दिला.

पाकिटांचा सुवर्णक्षण स्टार वॉर्सने आणला. मार्व्हलच्या स्टार वॉर्स कॉमिकचा पहिला अंक १९७७ च्या वसंतात, चित्रपट लागायच्या काही आठवडे आधी स्टॉलवर आला. मे अखेरीस चित्रपट लागला आणि अंक जागेवर उरले नाहीत. कथा सहा अंकांची, त्यामुळे ज्याला पहिला मिळाला नाही त्याची सगळीच पंचाईत. फेरछपाई करावी लागली. स्टॉलवर जुना अंक पुन्हा ठेवायची पद्धतच नव्हती, रॅक नेहमी पुढच्या महिन्याचा असतो. पिशवीला मात्र महिन्याचं बंधन नाही. पहिले तीन अंक एका पाकिटात घालून खेळण्यांच्या दुकानात टांगले गेले. चित्रपट पाहून आलेल्या मुलाला गोष्ट सुरुवातीपासून सलग मिळाली. पाकिटाने वाचकाचं खरोखर भलं केलं असं एकच उदाहरण द्यायचं झालं तर मी हे देईन. पुढे अनेक अंक एकत्र बांधलेली जाड पुस्तकं आली, ती हेच करतात.

एरवी पिशवी वाचकावर थोडा अन्यायच करायची, हेही सांगायला हवं. मार्व्हलच्या गोष्टी महिनोन्महिने चालत. पिशवीत स्पायडरमॅनचा एक अंक, थॉरचा एक, आणखी कोणाचा तरी एक. तिन्हींच्या शेवटी नायक संकटात आणि खाली पुढील अंकी पाहा. पुढचा अंक कुठल्या पिशवीत, कुठल्या दुकानात, देव जाणे. लेखक क्रमावर जीव टाकत होते आणि विक्रीची ही वाट क्रम मोडत होती. डिस्नेच्या किंवा बग्ज बनीच्या अंकांना हा त्रास नव्हता, दर गोष्ट तिथल्या तिथे संपायची. वेस्टर्न या धंद्यात इतकी पुढे गेली त्याचं एक कारण हेही असणार.

शेवटही तिच्याच घरात झाला. १९७९ मध्ये मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने वेस्टर्न विकत घेतली. स्टॉलवरची विक्री इतकी रोडावली होती की १९८० पासून गोल्ड की हे नाव मागे पडलं, पिशवी हीच मुख्य वाट उरली. त्या वर्षातले काही अंक फक्त पिशव्यांतून निघाले, आणि तेही मोजके. त्यातला अंकल स्क्रूजचा १७९ वा अंक आज संग्राहकांत दुर्मिळ म्हणून प्रसिद्ध आहे. खेळण्यांच्या दुकानातून आजी-मामांनी घेतलेली पिशवी घरी गेली की मुलं ती फोडायची, अंक वाचून, रंगवून, फाडून संपवायची. जपून ठेवणारे शौकीन पिशव्यांकडे तुच्छतेने पाहत, त्यामुळे त्यांच्याही खोक्यांत हे अंक गेले नाहीत. १९८४ मध्ये वेस्टर्नची कॉमिक्स थांबली.

आपल्याकडे याच काळात गठ्ठ्याची वेगळीच तऱ्हा होती. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ पासून निघायची, मराठीतही यायची, आणि वेताळाचे जुने अंक हवे असतील तर आम्ही रद्दीच्या दुकानात जायचो. तिथे निवडायला बंदी नव्हती, ढिगात बसून हवा तो अंक शोधायचा. अमर चित्रकथेने पाच गोष्टी एकत्र बांधून पंचरत्न काढलं, पण तिथे एका धाग्याच्या पाच कथा निवडलेल्या असत. अमेरिकी पिशवीचं तत्त्व याच्या उलटं होतं. निवड घेणाऱ्याने करायची नाही, आणि देणाऱ्यानेही फार मनावर घ्यायची नाही.

१९९१ मध्ये पिशवी परत आली, पण तिचं काम पार बदललं होतं. मार्व्हलच्या एक्स-फोर्स या मालिकेचा पहिला अंक बंद पिशवीत निघाला, आत एक चित्रकार्ड. कार्डं पाच प्रकारची. पाचही हवी तर तोच अंक पाचदा घ्यायचा. सुमारे पन्नास लाख प्रती गेल्या. पुढच्या वर्षी सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत आला. या पिशव्या फोडायच्याच नव्हत्या, फोडली की किंमत गेली अशी समजूत होती. ज्या पिशवीने कॉमिक्स अनोळखी घरांत पोचवली, तीच आता वाचायला आडकाठी करू लागली. मला हे पाहून वाईट वाटतं. त्या लाटेत हजारो दुकानं उभी राहिली आणि लाट ओसरल्यावर बंद पडली. १९९६ च्या अखेरीस मार्व्हलनेच दिवाळखोरीचा अर्ज केला.

जुनी कल्पना मात्र मेलेली नाही. २०१८ मध्ये डीसीने फक्त वॉलमार्टच्या दुकानांसाठी शंभर पानी अंक काढले, किंमत चार डॉलर नव्याण्णव सेंट, तीन हजारांहून अधिक दुकानांत. एक नवी गोष्ट, बाकी जुन्या गोष्टींची फेरछपाई. व्हिक्टर फॉक्सना ते लगेच ओळखू आलं असतं.

काही संग्राहक आता न फोडलेल्या जुन्या पिशव्या जमवतात. पुढचा अंक दिसतो, मागचा दिसतो, मधला कोणता असेल यावर आपापसात तासन्‌तास बोलतात. आमच्या पिशवीचं तसं काही झालं नाही. डोनाल्ड डकची पानं सुटी झाली, बग्ज बनी कोणीतरी वाचायला नेला तो परत आला नाही. नको असलेला वुडी वुडपेकर तेवढा माझ्याकडे राहिला, कारण तो कोणीच मागितला नाही. आणि पिशवी आईने धुऊन, वाळवून रेशनकार्डासाठी ठेवली. ब्लेडने कापलेली कड, आकड्याचं भोक, सगळं तसंच होतं. पावसाळ्यात रेशनच्या रांगेत उभं राहताना कार्ड कधी भिजलं नाही.